क्लोद लोराँच्या पद्धतीने आदर्श निसर्गचित्र कसे रंगवावे

सतराव्या शतकात रोममध्ये राहून काम करणारा चित्रकार क्लोद लोराँ याची निसर्गचित्रे सहसा कोणत्याही एका जागेची हुबेहूब नक्कल नसतात. रोमभोवतालच्या कंपान्या प्रदेशात हिंडून केलेली झाडांची, ओढ्यांची आणि प्राचीन अवशेषांची रेखाटने तो नंतर आपल्या कल्पनेने जुळवत असे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या १६७२ च्या ‘डेलॉसवरील एनियास’ या चित्रात रोमच्या पँथिऑन या प्राचीन घुमटाकार मंदिरासारखे मंदिर थेट एजियन समुद्रातील बेटावर उभे आहे, आणि तरीही ते तिथलेच वाटते. वास्तू आणि निसर्ग यांचा असा मेळ प्रामुख्याने प्रकाशामुळे साधतो.

प्रथम रेखाटने जमवावीत. झाडे आपण स्वतः पाहिलेली असावीत. मंदिराच्या बाबतीत प्रमाण सांभाळावे; कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या, स्तंभाची उंची साधारणपणे त्याच्या तळाच्या व्यासाच्या दहापट असते.

त्यानंतर कॅनव्हासवर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी तैलरंगाचा टर्पेंटाइनने पातळ केलेला हात द्यावा आणि तो वाळल्यावर क्षितिजरेषा आखावी. ४५ सेंटिमीटर उंचीच्या कॅनव्हासवर ती तळापासून सुमारे १८ सेंटिमीटरवर चांगली दिसते. मंदिराच्या दूर जाणाऱ्या समांतर आडव्या रेषांपैकी क्षितिजाच्या वरच्या खाली उतरत आणि खालच्या वर चढत क्षितिजावरील एकाच बिंदूला मिळाल्या पाहिजेत. एका कडेला जवळचे गर्द झाड, दुसऱ्या बाजूला थोडे मागे मंदिर आणि मधून दूरवर नजर नेणारे पाणी, अशी मांडणी सुरुवातीला पुरेशी आहे.

आता आकाश रंगवावे, आणि यात घाई अजिबात करू नये, कारण पुढचा प्रत्येक रंग आकाशावरूनच ठरणार आहे. सूर्य क्षितिजाच्या जरा वर कल्पून त्याच्याभोवती पांढऱ्यात यलो ऑकर हा मातकट पिवळा रंग मिसळलेला फिकट रंग लावावा, आणि तो ओला असतानाच रुंद मऊ ब्रशने वरच्या निळ्यात विरघळवत न्यावा. क्लोदच्या १६४८ च्या ‘शेबाच्या राणीचे प्रस्थान’ या चित्रात सूर्य बंदराच्या मुखाशी, थेट आपल्या समोर आहे. असा समोरून प्रकाश आला की इमारतींची आपल्याकडील बाजू सावलीत जाते आणि कडाच तेवढ्या उजळतात. हे विसरून मंदिर पुढून उजळ रंगवले, तर ते कागदातून कापून चिकटवल्यासारखे दिसते.

म्हणून दगडाच्या रंगात आकाशाचा थोडा रंग मिसळावा. मंदिर जितके दूर, तितका हा अंश अधिक आणि गडद-उजळ भागांतील फरक कमी ठेवावा. स्तंभांवरील प्रत्येक खाच दाखवण्याचा मोह टाळावा. पायथ्याची एखादी कड झुडपाने झाकावी, छताच्या भेगेत गवत उगवू द्यावे. क्षितिजाकडील डोंगर मंदिराहूनही फिकट हवेत.

जवळचे झाड सर्वांत गडद असू द्यावे. पाने सुटी करायची ती केवळ आकाशाला भिडणाऱ्या कडेवर. माणसे शेवटी आणि लहान काढावीत. स्तंभ दहा मीटरचा मानल्यास त्याच्याशेजारी उभा माणूस स्तंभाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढाच असावा, आणि आपण उंचावरून पाहत असल्याने खालच्या सपाटीवरील माणसांची डोकी क्षितिजरेषेच्या खालीच राहावीत.

चित्र पुरते वाळल्यावर जवसाच्या तेलात कालवलेला यलो ऑकरचा अगदी पारदर्शक थर दूरच्या भागावर पसरावा, म्हणजे डोंगर, पाणी आणि मंदिर एकाच उन्हात येतात.