औषधांना दाद न देणारी फिट : तिसरी गोळी वाढवण्यापूर्वी

तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला दोन औषधे चालू असतानाही महिन्यातून तीन-चार वेळा फिट येत असे, आणि घरातल्या सर्वांनी औषध लागू पडत नाही अशी मनाची समजूत करून घेतली होती. वहिनीने मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक फिटच्या तारखेला लाल खूण करायला सुरुवात केली. चार महिन्यांनी पाहिले, तर निम्म्याहून अधिक खुणा शेतीपंपाची वीज रात्री येणाऱ्या आठवड्यांत होत्या. तो रात्रभर बागेला पाणी देत जागा राहायचा आणि सकाळची गोळी झोपेत चुकायची. पाणी देण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवल्यावर फिट कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. उरलेल्या फिटचा विचार कसा करायचा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०१० मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, योग्य निवडलेली, रुग्णाला सोसणारी आणि नीट घेतलेली दोन औषधे, एकेकटी किंवा एकत्र देऊनही फिट कायमच्या थांबल्या नाहीत, तर त्या अपस्माराला, म्हणजे फिटच्या आजाराला, औषधांना दाद न देणारा म्हणतात. अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या वाट्याला हे येते. दोनच औषधे का, याचे उत्तर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळते. आधी कधीच औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी १४ टक्क्यांच्या थांबल्या, आणि दोन औषधे एकत्र देऊन केवळ ३ टक्क्यांच्या. म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या बदलत बसणे हा रुग्णाच्या आयुष्याचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र व्याख्येतील ‘योग्य निवडलेली’ आणि ‘नीट घेतलेली’ या शब्दांची आधी खातरजमा करावी. सकाळी उठल्यावर हातातला चहाचा कप उडून पडावा असे हिसके येणाऱ्या तरुणांना कार्बामॅझेपिन हे फिटचे औषध दिल्यास ते हिसके उलट वाढू शकतात. त्यामुळे असे हिसके येत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावेत. एकादशीला किंवा नवरात्रात उपाशीपोटी नको म्हणून गोळी टाळणारी कितीतरी माणसे आपल्या आसपास आहेत. गोळीने उपवास मोडत नाही, पण गोळी चुकल्याने फिट येऊ शकते. शिवाय काही रुग्णांना येते ती फिट नसून भोवळ किंवा मानसिक ताणातून येणारा झटका असतो, आणि त्यावर अपस्माराच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

हा फरक कळण्यासाठी मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीची फार मदत होते. एकाने रुग्णाला कुशीवर वळवून सांभाळावे आणि दुसऱ्याने चित्रण करावे : डोळे उघडे आहेत की मिटलेले, मान कोणत्या बाजूला वळते, कोणता हात आधी ताठ होतो, शुद्धीवर येताना नाव विचारल्यावर तो काय उत्तर देतो. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी मिडॅझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो द्यावा.

दोन औषधे खरोखरच अपयशी ठरली असतील, तर अपस्मारासाठी स्वतंत्र विभाग असलेल्या रुग्णालयात जावे. त्रिवेंद्रमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि बंगळुरूची निमहान्स ही अशी ठिकाणे आहेत, आणि मिरजेहून बंगळुरूला थेट रेल्वे आहे. तेथे अपस्मारासाठी ठरलेल्या पद्धतीने एमआरआय काढतात आणि रुग्णाला दाखल करून काही दिवस व्हिडिओ-ईईजी करतात, म्हणजे चित्रण चालू ठेवून मेंदूतील विद्युतलहरींची नोंद घेतात. मेंदूच्या टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या, भागातील एकाच ठिकाणाहून फिट सुरू होत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्या शब्दाने आपल्याकडे घर हादरते, पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८० रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, केवळ औषधांच्या गटातील ८ टक्के. शस्त्रक्रिया शक्य नसल्यास मानेतील व्हेगस चेतातंतूला स्पंदने देणारे उपकरण बसवता येते. लहान मुलांना कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय, आहार लाभू शकतो. पण त्यात भात, भाकरी, गूळ जवळजवळ बंदच होतात, म्हणून तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये.

फिट थांबेपर्यंत विहिरीत किंवा कृष्णेत एकट्याने उतरू नये, कडबाकुट्टीवर काम करू नये, मोटारसायकल चालवू नये आणि न्हाणीघराची कडी आतून लावू नये. व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध घेणाऱ्या मुलीने लग्नापूर्वीच डॉक्टरांशी गर्भधारणेबद्दल बोलावे, कारण त्या औषधाने बाळात व्यंग येऊ शकते. पण गोळी मनाने बंद करू नये, कारण अचानक बंद केल्यास जिवावर बेतणारी दीर्घ फिट येऊ शकते. लग्न ठरवताना आजार लपवूही नये : अपस्मार हे विवाहाला बाध आणणारे कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच वगळले गेले आहे.

मोठ्या रुग्णालयात जाताना जुन्या सर्व चिठ्ठ्या, प्रत्येक औषधाची दिली गेलेली सर्वांत मोठी मात्रा किती होती व ते का बंद केले याची नोंद आणि एमआरआयच्या फिल्म सोबत घ्याव्यात, केवळ अहवाल नव्हे. वहिनीने तर भिंतीवरची दिनदर्शिकाच गुंडाळून पिशवीत घातली, आणि डॉक्टरांनी सर्वांत आधी तीच उलगडली.