उन्हाळ्यातल्या डिलिव्हरीची बॅग, आणि आधी टोपडं

भावजयीला आठवा संपत आलाय, तारीख मे महिन्यातली, आणि जळगाव-भुसावळकडचा मे काय असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको, पारा ४४-४५ ला टेकलेला. ती माहेरी चोपड्याला जाणारे, म्हणून ही यादी तिच्या आईलाही पाठवतेय. बॅगेत पहिली वस्तू टोपडं. बाळाचं सुती, मऊ, धुतलेलं टोपडं, एक नाही तीन, कारण एक ओलं होतंच. माझ्या वेळी नेमकं तेच राहिलं होतं. एवढ्या उन्हात टोपडं कशाला असं घरात सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं.

बाळ पोटातून येतं ते ओलंचिंब, आणि डिलिव्हरीच्या थिएटरमध्ये एसी सुरू असतो. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत असू दे, त्या खोलीत बाळासाठी थंडीच. अंगावरचं पाणी सुकतं तसं अंग गार पडत जातं, त्यात अंगाच्या मानानं डोकं मोठं, तिथून बरीच ऊब निघून जाते, आणि आपल्यासारखं कुडकुडून अंग गरम करणं त्या जिवाला जमत नाही. गार पडलं की सुस्त होतं, सुस्त झालं की दूध ओढत नाही, दूध गेलं नाही की साखर उतरते, आणि साखर उतरली की अजून गार. माझ्या वेळी सिस्टर दार अर्धवट उघडून टोपडं मागत होती आणि आई बॅग उलटीपालटी करत होती. बॅगेत पावडर होती, तेल होतं, दोन साबण होते. शेवटी आईनं स्वतःचा रुमाल बांधायला दिला. तोवर पोराचं पोट नि तळपाय दोन्ही गार लागत होते, बाळाला ऊब देणाऱ्या मशीनखाली, वॉर्मरखाली ठेवावं लागलं आणि पहिलं पाजणं कितीतरी उशिरा झालं.

बाळ व्हायच्या आधी कपडे घेऊ नये असं आपल्याकडे म्हणतात, ते मला माहितीय. मग नका घेऊ ना नवीन! शेजारच्या, नात्यातल्या बाळाचं वापरलेलं टोपडं मागून आणा, धुवा, कडक उन्हात वाळवा, जुनं कापड मऊच असतं. पण बॅगेत टाका. आणि सोबत चार-पाच मऊ सुती कापडं. एकानं बाळ पुसायचं, ते ओलं कापड लगेच बाजूला, दुसऱ्या कोरड्यात गुंडाळायचं, ओल्यातच गुंडाळून ठेवायचं नाही. हे सगळं वेगळ्या पिशवीत, बॅगेच्या अगदी वर, आणि बाहेर जो कुणी उभा राहणार त्याला आधीच दाखवून ठेवा की टोपडं इथंय.

झबली, लंगोट, पॅड, गाऊन, चादर हे सगळ्यांना येतंच. कागदांत माता बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार, पासबुक. बाईचा रक्तगट घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे, आणि त्या गटाचे दोघं-तिघं रक्त देणारे आत्ताच विचारून ठेवा, रात्री दोनला फोन फिरवत बसू नका. गट निगेटिव्ह असला तर डॉक्टरांना आधीच विचारा, बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. नंदुरबार, साक्री आणि सातपुड्याकडच्या चोपडा-यावलच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, ती टेस्ट झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. हिमोग्लोबिन परत बघा. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं म्हणून बाया त्या गुपचूप टाकून देतात, नका हो असं करू, डिलिव्हरीत रक्त जातंच आणि अंगात आधीच नसेल तर जिवावर बेततं.

गाडीचं ठरवून ठेवा. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर भिंतीवर लिहा. सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडणं सगळं मोफत आहे, तिथं पैशाच्या भीतीनं थांबू नका. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या बायांनी तर कळा यायची वाटच बघू नये, काही आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे, आशाताईला विचारून चार दिवस आधी तिथं जाऊन राहावं. डोकं खूप दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, चेहरा सुजलाय, रक्त जातंय, पाणी गेलंय, बाळाची हालचाल कमी झालीय, यातलं एक जरी झालं तरी लगेच निघा, सकाळ होऊ द्या म्हणू नका.

बाळ झाल्यावर सिस्टरला आपणहून सांगा की आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून कोरडं कापड, डोक्यावर टोपडं. परत सांगतेय, टोपडं! आईच्या अंगाइतकी चांगली ऊब दुसरी नाही. पहिल्या तासात पाजायचं, तो पिवळा चीक एक थेंबही वाया घालवायचा नाही. मध नाही, घुटी नाही, साखरेचं पाणी नाही. आणि आपल्याकडचा हट्ट, ऊन फार आहे, पोराला घोटभर पाणी पाजा. नाही पाजायचं, ४५ डिग्रीतही नाही, सहा महिने आईचं दूध पुरतं, फक्त वारंवार पाजा. पहिले पाच दिवस गेले की दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर पोट भरतंय. पाणी आईला द्या, भरपूर. बाळंतिणीला पाणी तोडायची पद्धत उन्हाळ्यात तर फारच वाईट.

आंघोळ निदान २४ तास नको. अंगावरचा पांढरा थर खरडू नका. बेंबीला तेल, हळद, राख काही नाही, कोरडी ठेवा. काजळ नाही.

घरी आणल्यावर मात्र उलटं. पत्र्याच्या घरात पोराला शाल-टोपड्यात कोंबू नका, तापेल. तिथं पातळ झबलं पुरे, झोपताना टोपडं काढा, कूलरचा झोत अंगावर नको. हाताच्या मागच्या बाजूनं पोट आणि तळपाय बघत जा. दोन्ही कोमट तर ठीक, तळपाय गार तर छातीशी घ्या, पोटही गार तर दवाखाना. बंद खोलीत शेगडी-धुरी नको, आईला नि बाळाला दोघांनाही धोका.

बाळ ओढत नाहीये, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, छाती आत ओढली जातेय, ताप, झटका, तळहात-तळपाय पिवळे, तर लगेच न्या. आईचं तासाभरात अख्खं पॅड भिजतंय, ताप येतोय, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतोय, तरी तसंच. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी दवाखान्यातूनच करून निघा. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना बाळ उघडून दाखवा, वजन करू द्या. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत.