उत्तर आधीच सांगून टाका

गणितातल्या शाब्दिक उदाहरणाचं मुलाचं उत्तर बरोबर येतं, पण "कसं काढलंस?" विचारलं की "असंच, भागाकार केला" याच्या पुढे गाडी सरकत नाही. अशा वेळी उदाहरणासोबत उत्तरही देऊन टाका आणि फक्त "का?" विचारा. उत्तराची घाई संपली की मूल बोलायला लागतं.

समजा, सहलीला १६२ मुलं आहेत, एका बसमध्ये ४५ जागा. उत्तर: ४ बस.

१. आधी एकही आकडा न उच्चारता उदाहरणातली गोष्ट मुलाला सांगायला लावा.

२. मग वहीत प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा, ते लिहायचं. नुसतं "भागाकार ३, बाकी २७" चालणार नाही. "३ बस भरल्या, २७ मुलं उरली" असं हवं. खरी गंमत इथेच आहे. "मुलं" हा शब्द लिहिला की ती २७ जणं रस्त्यावर उभी दिसतात आणि चौथी बस आपोआप सुचते.

३. शेवटी एक वाक्य, त्यात "कारण" हवंच.

लिहायचा कंटाळा असेल तर तोंडी सांगू द्या. तुम्ही शब्दन् शब्द उतरवा आणि वाचून दाखवा. राहिलेली पायरी बहुतेक वेळा मुलालाच खटकते.

एक पथ्य मात्र पाळा. मूल अडखळलं तरी त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. मनात दहापर्यंत मोजा. (मला हेच सगळ्यात अवघड गेलं.)