आधी मानस, मग भरती: शेअर बाजारात धोका सांभाळण्याची एक रीत

गोव्याच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीत, बांधाच्या तोंडाशी लाकडी दारे बसवलेली असतात, त्यांना आपण मानस म्हणतो. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच पाण्याच्या दाबाने ही दारे मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. त्यासाठी मध्यरात्री कोणाला बांधावर जाऊन उभे राहावे लागत नाही. मनालाही मानसच म्हणतात, हा योगायोग गुंतवणुकीचा विषय निघाला की मला हमखास आठवतो. दार कधी मिटायचे याचा विचार आपण पाणी गळ्याशी आल्यावर सुरू करतो, आणि त्या वेळी विचार करणारे मन घाबरलेले तरी असते किंवा हावरे तरी. म्हणून पुढे सांगितलेले सगळे निर्णय बाजार शांत असताना घ्यावेत आणि वहीत लिहून ठेवावेत.

पहिले काम पुरुमेंताचे, म्हणजे अडचणीच्या दिवसांसाठीच्या साठ्याचे. पावसाळ्याच्या तोंडावर सुके मासे, मिरच्या आणि सोले भरून ठेवणाऱ्या प्रदेशात राखीव रकमेचे महत्त्व वेगळे समजावण्याची गरज नाही. ती किती असावी, एवढाच प्रश्न आहे. सरकारी नोकरीत असलेल्याला सहा महिन्यांचा घरखर्च पुरतो. ज्यांचे उत्पन्न किनाऱ्यावरच्या पर्यटन हंगामावर चालते, किंवा ज्यांचा ट्रॉलर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत जेटीलाच बांधलेला असतो, त्यांनी मात्र वर्षभराचा खर्च बाजूला काढल्याशिवाय शेअरच्या वाटेला जाऊ नये. ही रक्कम बँकेतच ठेवावी; पण एका बँकेतील ठेवींना मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच विम्याचे संरक्षण असते, हे ध्यानात ठेवून रक्कम मोठी असल्यास ती दोन बँकांत विभागावी.

दुसरे काम शेअर आणि ठेवी यांचे प्रमाण ठरवण्याचे, आणि इथे घाई करू नये. ‘मी किती धोका पत्करू शकतो?’ हा प्रश्न टक्क्यांत विचारला की माणूस शूर होतो, रुपयांत विचारला की खरे बोलतो. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ८ हजारांखाली उतरला होता, तेव्हा शेअरमधील रक्कम निम्मी होईल असे धरून चालणे ही अतिशयोक्ती नव्हे. समजा, आपल्याजवळ १० लाख रुपये आहेत आणि कागदावर २ लाखांपेक्षा जास्त घट दिसली तर आपल्याला झोप लागणार नाही. मग शेअर किंवा शेअरवर आधारित म्युच्युअल फंडात ४ लाखांहून जास्त रक्कम नसावी, कारण तिचे निम्मे म्हणजेच ते २ लाख. शिवाय ५० टक्के पडलेल्या रकमेला मूळ जागी येण्यासाठी ५० नव्हे, तर १०० टक्के वाढावे लागते. ही वाढ केव्हा होईल, हेही आपल्या हातात नसते. मार्च २०२० मध्ये कोसळलेला बाजार त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नव्या उच्चांकावर होता. २००८च्या पडझडीनंतर मात्र जुना उच्चांक कायमचा मागे टाकायला २०१३ची दिवाळी उलटावी लागली. मुलीचे शिक्षण, घराची डागडुजी असा पाच-सहा वर्षांच्या आत लागणारा पैसा म्हणूनच शेअरमध्ये नसावा.

प्रमाण ठरवताना आणखी एक हिशेब करावा लागतो, जो गोव्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको होता. चीनच्या मागणीमुळे लोहखनिजाला तेजी आली, तेव्हा डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांत अनेकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. ट्रकचा धंदा खाणीवर, गॅरेजचा धंदा ट्रकवर आणि खाण्याच्या गाड्याचा धंदा ट्रकचालकांवर चालत असे. २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निकालाने परत बंद पडल्या. वरून पाहता चार वेगळे व्यवसाय दिसत होते, पण धोका एकच होता. आजही हॉटेलात नोकरी, भाड्याने दिलेला फ्लॅट किनाऱ्यावरच्या कांदोळीत आणि वर पर्यटन कंपन्यांचे शेअर अशी मांडणी मी पाहतो, आणि त्या गृहस्थाला आपली गुंतवणूक तीन ठिकाणी विखुरलेली वाटते. आपला पगार ज्या कारणाने थांबू शकतो, त्याच कारणाने पडतील असे शेअर आपल्याकडे किती आहेत, हे वहीत एका ओळीत लिहून पाहावे.

वहीचा उल्लेख वारंवार येतो आहे, तेव्हा तिचे पान कसे असावे तेही सांगतो. प्रत्येक खरेदीसाठी तारीख, किंमत, घेण्याचे कारण आणि कोणत्या परिस्थितीत विकणार, असे चार रकाने पुरेत. माझ्या वहीत जानेवारी २०१८च्या एका नोंदीत कारणाच्या रकान्यात ‘मेव्हण्याने घेतला आहे’ एवढेच शब्द आहेत आणि शेवटचा रकाना कोरा आहे. तो शेअर निम्म्यावर आला तरी मी तो दोन वर्षे सांभाळत बसलो, कारण विकला की चूक कबूल करावी लागणार होती. डॅनियल काहनेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला जास्त जाणवते. पुढे १९८५ मध्ये हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी दाखवले की याच स्वभावामुळे लोक नफ्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले कवटाळून बसतात. यावर माझा उपाय साधा आहे: आज हा शेअर माझ्याकडे नसता आणि हातात रोकड असती, तर याच भावाने मी तो घेतला असता का? उत्तर नकारार्थी असेल तर आपण शेअर नव्हे, जुनी खरेदी किंमत सांभाळत आहोत.

बाजाराच्या चक्राबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. हंगामाच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारात मानकुराद आंब्याचा डझन हजारांच्या घरात असतो, तेव्हा आपण नुसता भाव विचारून पुढे जातो, कारण मे महिन्यात तो उतरणार हे ठाऊक असते. शेअर बाजाराच्या तेजी-मंदीला असे पंचांग नाही. तेजी संपत आल्याची तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आपले प्रमाण किती सरकले, तेवढेच पाहावे.

ते कसे पाहावे, याचे उदाहरण घेऊ. १० लाखांपैकी ४ लाख शेअरमध्ये आणि ६ लाख ठेवींत, असे आपले प्रमाण आहे. बाजार ५० टक्के चढला की शेअरचे ६ लाख होतात आणि एकूण रक्कम १२ लाख. त्याचे ४० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार, म्हणून १ लाख २० हजारांचे शेअर विकून ती रक्कम ठेवीत टाकावी. उलट मूळच्या ४ लाखांत ४० टक्के घसरण झाली, तर शेअर २ लाख ४० हजारांचे आणि एकूण रक्कम ८ लाख ४० हजार उरते. त्याचे ४० टक्के ३ लाख ३६ हजार, तेव्हा ठेवीतले ९६ हजार शेअरकडे वळवावेत. मानशीची दारे हीच. शेजारीपाजारी सगळे खरेदी करत असताना विकायला आणि सगळे घाबरलेले असताना घ्यायला ती भाग पाडतात, आणि त्यासाठी भविष्य ओळखावे लागत नाही. प्रमाण पाच टक्क्यांहून कमी सरकले असेल तर हात लावू नये. विक्रीवर कर लागू शकतो, म्हणून दरमहा नवी रक्कम गुंतवत असाल तर आधी तीच कमी पडलेल्या बाजूला वळवावी.

फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर बांधलेल्या करारांच्या व्यवहारांबद्दल माझे मत विचाराल तर ‘नको’ एवढेच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबी या बाजाराच्या नियामक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले.

वही वर्षातून दोनदाच उघडावी आणि त्या तारखा आधीच ठरवाव्यात. मी १ जून आणि १ डिसेंबर ठेवल्या आहेत. मधल्या काळात मोबाइलवर भाव पाहायचे नाहीत, असे पहिल्या पानावर लिहिले आहे, आणि ते मला पूर्णपणे जमलेले नाही. त्याच पानावर शेअर ज्यात जमा असतात त्या डीमॅट खात्यासाठी नामनिर्देशित केलेली व्यक्ती (नॉमिनी), बँकांची नावे आणि ठेवींच्या मुदती लिहून वही घरपट्टीच्या पावत्यांबरोबर कपाटात ठेवावी आणि ती तिथे आहे हे घरात एकाला तरी सांगून ठेवावे.