गल्लीतली तक्रार ग्रामसभेच्या ठरावात कशी न्यायची

ग्रामसभेत बोलायला उभं राहण्याआधी गल्लीत एकदा पोटभर भांडून घ्या. बेळगाव तालुक्यातल्या आमच्या पट्ट्यात दरवेळी तेच होतं. माईक हातात आला की वरच्या आळीचा माणूस गटारावर बोलतो, खालच्या आळीचा त्याला खोडून काढतो, आवाज चढतात आणि वहीत 'चर्चा झाली' एवढंच उमटतं. दोघांचंही म्हणणं खरं असतं, पण काम कुणाचंच होत नाही.

म्हणून पहिली बैठक आपली आपण घ्यायची. जागा बघून निवडा. देवळाच्या कट्ट्यावर घेतली तर पंचमंडळीच बोलतात, बायका कोपऱ्यात उभ्या राहून परत जातात. आम्ही अंगणवाडीच्या व्हरांड्यात बसतो, रात्रीची जेवणं आटपल्यावर. नळ किती वाजता येतो, कचऱ्याची गाडी कुठल्या वळणावरून परत फिरते, हे बायकांनाच ठाऊक असतं. त्या येणार नसतील तर बैठक पुढं ढकला, असं माझं स्पष्ट मत आहे. भातलावणीच्या दिवसांत आणि यात्रेच्या आठवड्यात बोलावूच नका, कुणी फिरकत नाही.

एका बैठकीला एकच विषय घ्या. डॉल्बीचा विषय तर गणपतीच्या महिनाभर आधी वेगळा काढा. मंडळाची पोरं आणि वयस्क मंडळी यांचं त्यावर एकमत होणं अवघड. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद हा देशाचाच नियम आहे, एवढ्यावरून सुरुवात केली तर निदान अर्धा वाद मिटतो.

गटाराचंच बघा. आमच्याकडे सुरुवात अशी झाली:

"खालच्या तात्यांनी दारात लादी टाकून गटार बुजवलंय, म्हणून तुंबतंय."

"आणि तुमच्या गोठ्यातलं शेण कुठं जातंय वो, काकी?"

इथं कुणाला गप्प बसवू नका. दोन्हीकडचं बोलून होऊ दे. मग टेप आणि बॅटरी घेऊन सगळ्यांनाच उठवा आणि वरच्या टोकापासून रस्त्याखालच्या मोरीपर्यंत चालत जा. गटार कुठं किती रुंद, कुठं गाळ, कुणाच्या दारात लादी, हे एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. आमचं गटार दीड फूट रुंद निघालं आणि मोरीत घातलेला पाइप नऊ इंची. शेणानं आणि लादीनं भर पडत होती हे खरं, पण पाणी अडत होतं पाइपात. ते डोळ्यांनी बघितल्यावर तात्या आणि काकी दोघंही नरमले.

त्यानंतर कामाची वाटणी करा. शेणासाठी खड्डा आणि उचलता येईल अशी लादी, हे आपलं काम; मोरीचा पाइप बदलणं पंचायतीचं. आपल्या वाटणीचं आधी करून टाका. सभेत पहिला प्रश्न तोच येतो आणि तिथंच विषय पडतो.

मागणी दोन-तीन ओळींतच लिहा. 'गटाराची समस्या सोडवावी' असलं मोघम काही नको. कुठून कुठपर्यंत, किती लांब, किती घरं, काय बदलायचं, एवढंच. पैसा नाही असं उत्तर आलं तर वित्त आयोगाचा निधी विचारा. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेच्याच कामांसाठी बांधून दिला होता, आणि गटार त्यात बसतं.

भाषेवरून अडून बसू नका आणि दबूनही राहू नका. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणं राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं, म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. तरी मी कन्नड प्रत जोडतेच. शाळेत कन्नड शिकलेली पोरं गल्लीत हवी तेवढी आहेत, आणि मला पाइप पावसाआधी हवा असतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.

महाराष्ट्रातल्या चंदगडचे पाहुणे 'सरपंचाला गाठा' म्हणून सल्ला देतात. आपल्याकडं अध्यक्ष आणि पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, आणि पंचायतीचा कायदा १९९३ चा कर्नाटकाचा. त्यात ग्रामसभेच्या आधी वॉर्डसभा आहे, तीही सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. बरेच जण तिकडं जातच नाहीत. मागणी मात्र तिथंच मांडायची, कारण वॉर्डाची कामं आधी तिथं ठरतात आणि मग ग्रामसभेपुढं जातात. बोलायला एकच माणूस ठेवा, शक्यतो कधी निवडणुकीला उभा न राहिलेला. बाकीच्यांनी नुसतं बसून राहायचं. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली तर सगळी मेहनत वाया, तेव्हा गल्लीतली माणसं घेऊनच जा.

सही करण्यापूर्वी ठराव मोठ्यानं वाचायला सांगा. इतिवृत्त कन्नडात असतं; ज्याला वाचता येतं त्यानं ते मराठीत सांगावं आणि मोरीची जागा, पाइपाचं माप वहीत चढलंय का ते बघावं. कोऱ्या पानावर 'हजेरी' म्हणून सही मागितली तर देऊ नका. तिथंच फोटो काढून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुप तेवढ्यासाठीच बरा, वाद घालायला नको.

बेळगाव शहरात महापालिकेचे ५८ वॉर्ड आहेत. तिथं नगरसेवकाकडं आणि वॉर्डाच्या अभियंत्याकडं हाच कागद द्यायचा. टेप आणि पोच तीच.

पुढं काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळं रागाला त्यात जागा नाही. 'का केलं नाही' असं विचारलं तर गोलमाल उत्तर येतं. अमुक तारखेच्या ठरावाची प्रत, त्या कामाचं अंदाजपत्रक आणि त्यावर आजवर झालेल्या कार्यवाहीची कागदपत्रं, एवढंच मागा.