पाणी आधी तयार होऊ द्या, मासे नंतर आणा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गोव्यातील अनेक घरांत शोभेच्या माशांची टाकी येते आणि बहुतेक वेळा काच, खडी, फिल्टर व मासे एकाच संध्याकाळी घरी पोहोचतात. नव्याने हा छंद धरणाऱ्या मुलांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की टाकी मे महिन्याच्या आरंभी मांडावी आणि मासे जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावरच आणावेत. मधले चार ते सहा आठवडे टाकी रिकामी दिसते, परंतु तिच्यातील सर्वांत मोठे काम त्याच काळात चाललेले असते.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, आणि विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. वाहत्या पाण्यात तो विरतो, बंद टाकीत मात्र साचत जाऊन माशांचे कल्ले पोळवतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते, कारण त्याच्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. हे जिवाणू फार सावकाश वाढतात, म्हणूनच थांबावे लागते.

टाकीत पाणी भरून फिल्टर अहोरात्र चालू ठेवावा आणि एक दिवसाआड चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल. दर तीन-चार दिवसांनी टेस्ट किटने पाणी तपासून आकडे वहीत लिहावेत. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट चढते, आणि खाद्य टाकत राहूनही ही दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली असे समजावे. या जिवाणूंना 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमान मानवते, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्यासाठी हिटरची गरज सहसा पडत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवावे किंवा त्यात दुकानात मिळणारे क्लोरीननाशक औषध घालावे. क्लोरीन जिवाणूंनाही मारते, म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांची अडचण वेगळी असते. जांभ्या दगडाच्या भागातील पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचे असते, त्यात असलेले थोडेसे कार्बोनेट जिवाणूंच्या कामात संपते, सामू (पीएच) घसरतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे: तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या स्वच्छ घासून, उकळून त्यांतील मूठभर फिल्टरमध्ये ठेवाव्यात, त्या हळूहळू विरघळून ती उणीव भरून काढतात.

आता माशांची निवड. 60 × 30 × 30 सेंटीमीटरच्या टाकीत हिशेबाने 54 लिटर पाणी मावते, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की सुमारे 45 लिटरच उरते. दुकानात दिसणारा मासा बहुतेक वेळा पिल्लू असतो, म्हणून तो पूर्ण वाढल्यावर केवढा होईल हे विचारूनच विकत घ्यावा. काच साफ करील म्हणून घेतलेला सकर 30 सेंटीमीटरहून मोठा होतो आणि गोल्डफिशही 15-20 सेंटीमीटर सहज गाठतो, त्यामुळे हे दोन्ही अशा टाकीत ठेवू नयेत. झेब्रा डॅनिओसारखे लहान, कळपाने राहणारे मासे आठ-दहा ठेवले तर ते निर्धास्त वागतात. गप्पी आवडत असतील तर फक्त नर घ्यावेत, कारण मादी एकदा नराजवळ राहिली की पुढे कित्येक महिने पिल्ले देऊ शकते. सगळे मासे एकदम आणू नयेत. पहिले चार-पाच आणून दोन आठवडे पाणी तपासत राहावे, अमोनिया व नायट्राइट शून्यच राहिले तर पुढचे आणावेत.

जागा दिसते म्हणून आणखी मासे घालण्याचा मोह एप्रिल-मेमध्ये विशेष आवरावा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो, आणि त्यातच वादळी पावसाने वीज गेली तर गर्दीच्या टाकीतील मासे आधी गुदमरतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असणे फार उपयोगाचे.

चतुर्थीला मूळ घरी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नये. धडधाकट, वाढलेले मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात, पण मायेने टाकलेले जादा खाद्य कुजून पाणी नासवते.

नको झालेला मासा तळ्यात, व्हाळात किंवा विहिरीत कदापि सोडू नये. सकर मातीच्या काठांत बिळे करतो, आणि 2023 साली तर श्रीनगरच्या दाल सरोवरात अमेरिकेतील ॲलिगेटर गार हा शिकारी मासा सापडला होता. आपल्या सह्याद्रीतील ओढ्यांत अन्यत्र न आढळणारे छोटे मासे राहतात आणि त्यांना अशा परक्यांशी झुंजण्याची सवय नाही. म्हणून मासा विकत घेण्यापूर्वीच, तो पुढे परत घेतला जाईल का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि उत्तर नकारार्थी असेल तर मोठा होणारा मासा घेऊच नये.