पीएसए वाढलाय? मग सोनोग्राफीत प्रोस्टेटचा साइज पण बघा

बाबांचा पीएसए (प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत बनणारं, रक्तात मोजतात ते प्रथिन) 6.2 आला, रिपोर्टवर त्या आकड्यापुढे ठळक अक्षरात 'हाय' छापलेलं, आणि त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. युरोलॉजिस्टनी मात्र आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट मागितला आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एक भागाकार केला. तो घरीही करता येतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेटची ओळ शोधा, तिथे तीन मापं असतात, बाबांची होती 5.4 × 5.2 × 4.9 सेंटीमीटर. तिन्हींचा गुणाकार करून त्याला परत 0.52 ने गुणायचं, आले साधारण 72 सीसी (मापं मिलिमीटरमध्ये असतील तर प्रत्येकाला आधी 10 ने भागा). काही रिपोर्टवर हा आकडा सीसी किंवा ग्रॅममध्ये छापलेलाच असतो, दोन्ही जवळपास सारखंच. तरुणपणी प्रोस्टेट 20-25 सीसीची असते, वयाबरोबर बहुतेकांची वाढते.

आता पीएसएला साइजने भागा. 6.2 भागिले 72, म्हणजे 0.09 च्या आत. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात आणि ती 0.15 च्या वर गेली की डॉक्टर जास्त सावध होतात. काकांचा पीएसए बाबांपेक्षा कमी होता, 5.1, म्हणून ते निवांत होते, पण त्यांची प्रोस्टेट फक्त 24 सीसी, म्हणजे डेन्सिटी 0.21, आणि पुढच्या तपासण्या खरं तर त्यांनाच लागल्या! कारण पीएसए चांगल्या पेशीही बनवतात, मोठी ग्रंथी जास्त बनवणारच, पण एवढीशी ग्रंथी एवढा पीएसए का बनवतेय हा प्रश्न पडायलाच हवा.

रिपोर्टवर 'ग्रेड 2 प्रोस्टेटोमेगाली' लिहिलंय म्हणजे कॅन्सर आहे असं नाही हो, त्याचा अर्थ नुसता ग्रंथी वाढलीय एवढाच. ही वाढ आतल्या भागात, लघवीच्या नळीभोवती होते म्हणून रात्री चारदा उठावं लागतं. कॅन्सर बहुतेकदा बाहेरच्या भागात सुरू होतो आणि सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. म्हणून डॉक्टर बोटाने तपासतो म्हणाले तर प्लीज लाजून नाही म्हणू नका, मागच्या बाजूची कडक गाठ बोटाला लागू शकते.

डेन्सिटी कमी आली म्हणून घरीच 'सगळं ओके' ठरवू नका. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत माप थोडं इकडेतिकडे होतं. बायोप्सीचंही तसंच, साधारण 12 तुकडे घेतात, ते 25 सीसीतून घेतले काय आणि 90 सीसीतून घेतले काय, मोठ्या ग्रंथीत छोटी गाठ सुईतून निसटायची शक्यता जास्त. त्यामुळे बायोप्सीआधी एमआरआय करायचा का हे नक्की विचारा. त्यात पायरॅड्स नावाचा 1 ते 5 स्कोअर देतात, 4-5 म्हणजे संशय जास्त, आणि सुई नेमकी कुठे टोचायची ते कळतं.

लघवीचं इन्फेक्शन झालं असेल किंवा नळी घातली असेल तर पीएसए उगाच वाढतो, 6-8 आठवडे थांबून परत करा. टेस्टच्या आधी दोन दिवस सायकल आणि संबंध टाळा.

चालू गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्याच. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटसाठीच्या गोळ्या) सहा महिने घेतली की पीएसए साधारण निम्मा दिसतो, म्हणजे 3 आला तर तो 6 धरायचा, आणि ग्रंथीही आकसते. केस गळतात म्हणून घेतात ती 1 मिलीग्रॅमची गोळी पण फिनास्टेराइडच असते, ती सांगायची लोक हमखास विसरतात.